कळ दाबली, पण आज्ञा पोहोचली नाही
संगणकावरील शॉर्टकट कोठे अडतात व ते कसे शोधावे

कार्यालयातील संगणकावर एखादा प्रोग्राम सुरू करण्याचे दोन मार्ग असतात. माउसने आयकॉन शोधून त्यावर क्लिक करणे हा एक, आणि दोन-तीन कळा एकदम दाबणे हा दुसरा. बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने दुसरा मार्ग ही केवळ सोय होय. तो बंद पडला तर क्षणभर त्रागा होतो आणि हात माउसकडे वळतो. परंतु ज्यांना पडदा दिसत नाही, अथवा ज्यांच्या हाताला माउस आवरत नाही, त्यांना दुसरा मार्ग हाच एकमेव मार्ग असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३४ अन्वये शासकीय आस्थापनांत किमान चार टक्के पदे दिव्यांग व्यक्तींसाठी राखीव असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. पद भरले, संगणक दिला, आणि तीन कळा काम करीत नाहीत म्हणून तो कर्मचारी सकाळभर हात बांधून बसला, तर त्या तरतुदीचा उपयोग काय? यास्तव वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या बिघाडाचा विचार थोड्या तपशिलाने करणे अगत्याचे आहे.

अशा वेळी सर्वसाधारणपणे कळफलक बदलला जातो, संगणक बंद करून चालू केला जातो, अथवा प्रोग्रामच काढून पुन्हा बसविला जातो. यांपैकी एखाद्या उपायाने काम होतेही. पण बिघाड कोठे होता हे कळत नाही, आणि तो आठवड्याने परत येतो.

कळेचा प्रवास

कळ दाबली की कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो अक्षर पाठवीत नाही. अमुक क्रमांकाची कळ खाली गेली, अमुक क्रमांकाची कळ वर आली, एवढीच वर्दी तो देतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या ८३ कळांच्या कळफलकातही हीच पद्धत होती. त्या क्रमांकाचा अर्थ कोणता, हे संगणकातील कार्यप्रणाली त्या वेळी निवडलेल्या भाषेच्या मांडणीप्रमाणे ठरविते. त्यानंतर कार्यप्रणाली पाहते की या कळांवर तिचा स्वतःचा हक्क आहे काय. नसेल तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्या आधीच मागून ठेवल्या आहेत काय. तसेही नसेल तर ती वर्दी समोर उघड्या असलेल्या खिडकीकडे जाते. कोणाचा हक्क निघाल्यास नोंदवून ठेवलेली आज्ञा सुटते, आणि मग ती आज्ञा आपल्या बळावर चालते किंवा पडते.

टपालाचे पाकीट जसे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते, तसा हा प्रवास आहे. पाकीट मिळाले नाही तर ते कोठपर्यंत पोहोचले हे आपण विचारतो. येथेही प्रथम तेच विचारावयाचे असते.

क्रमाचे महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची योजना आयबीएममधील अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांची. चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून परस्परांपासून दूर असलेल्या कळा त्यांनी निवडल्या. पुढे १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये याच कळा लॉगिनसाठी घेण्यात आल्या, कारण त्या कोणत्याही सामान्य प्रोग्रामच्या हाती लागू न देता कार्यप्रणाली स्वतःकडे ठेवू शकत होती. खोटा लॉगिनचा पडदा दाखवून पासवर्ड चोरणाऱ्यास या कळा अडविता येत नाहीत. सबब, विंडोजवर या तीन कळा काम करतात पण आपला शॉर्टकट करीत नाही, असे आढळल्यास कळफलक, त्याची तार आणि कार्यप्रणाली यांच्यावरील संशय बराच कमी होतो.

कळफलकाची बाजू

या टप्प्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ हा पडद्यावरील कळफलक उघडावा आणि खऱ्या कळफलकावरील कळ दाबावी. पडद्यावरील तीच कळ उजळली म्हणजे वर्दी पोहोचली. लॅपटॉपवर वरच्या ओळीतील एफ-१ ते एफ-१२ या कळा पुष्कळदा आवाज व प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कामास लावलेल्या असतात, आणि ‘एफएन’ कळ सोबत दाबल्याखेरीज त्या मूळ काम करीत नाहीत.

दोन सुविधांकडे मात्र लक्ष द्यावयास हवे. शिफ्ट ही कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ सुरू करण्याविषयी विचारणा होते, आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास ‘फिल्टर कीज’ विषयी. विचार न करता होकार दिला गेला, तर फिल्टर कीजमुळे झटकन दाबलेल्या कळांची दखलच घेतली जात नाही, आणि कळफलक मेला असा समज होतो. त्या बंद करण्यापूर्वी मात्र त्या संगणकावर आणखी कोण काम करते हे विचारावे. एका हाताने काम करणाऱ्या व्यक्तीला कंट्रोल, आल्ट व अक्षर या कळा एकामागून एक दाबता याव्यात यासाठीच स्टिकी कीजची योजना आहे. शिवाय दोन कळा एकदम दाबल्यास ही सुविधा आपोआप बंद व्हावी, असा तिचा मूळ संकेत असतो. म्हणजे दुपारी दुसऱ्या कोणी त्याच संगणकावर नेहमीच्या सवयीने दोन कळा एकत्र दाबल्या, की सकाळच्या कर्मचाऱ्याची सोय गेली. सामाईक संगणकावर हा संकेत सेटिंगमधून काढून टाकणे श्रेयस्कर.

शॉर्टकट राहतो कोठे?

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे वळू. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम सुरू करण्यासाठी आपण ठरविलेला शॉर्टकट त्या प्रोग्रामच्या पोटात नसतो. तो आयकॉनच्या गुणधर्मांत लिहिलेला असतो. आणि तो आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच विंडोज त्याची दखल घेते. आयकॉन पुसला, किंवा ‘डी’ ड्राइव्हवरील एखाद्या फोल्डरात नेऊन ठेवला, तर प्रोग्राम शाबूत राहतो आणि शॉर्टकट नाहीसा होतो.

याचा सर्वांत गंभीर परिणाम कोठे होतो ते पाहावे. दृष्टिहीन कर्मचारी संगणकावर काम करतात ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने. त्यांपैकी एनव्हीडीए हा विनामूल्य प्रोग्राम भारतात पुष्कळ वापरला जातो. स्वतः दृष्टिहीन असलेल्या मायकेल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात त्याचा आरंभ केला. तो बसविताना डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवला जातो आणि त्याला कंट्रोल, आल्ट व एन हा शॉर्टकट जोडला जातो. काम चालू असता आवाज अकस्मात थांबला तर या तीन कळा दाबाव्यात, म्हणजे तो पुन्हा सुरू होतो. चालू असतानाच दाबल्या तरी एनव्हीडीए नव्याने सुरू होते. त्यामुळे अडखळलेला आवाज मार्गी लावण्याचाही हाच उपाय आहे.

अशा संगणकाची देखभाल करण्यास कोणी येतो. डेस्कटॉपवर चाळीस-पन्नास आयकॉन विखुरलेले पाहून तो नीटनेटकेपणाच्या भावनेने निम्मे काढून टाकतो. डोळस माणसाच्या दृष्टीने हे कामच चोख झाले. स्टार्ट मेनूत सर्व काही आहेच. पुढे एखाद्या दिवशी आवाज थांबतो, दृष्टिहीन कर्मचारी तीन कळा दाबतो, आणि काहीच होत नाही. पडदा मुका झालेला आहे. काय बिघडले हे सांगणारा आवाजच गेलेला आहे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला हाक मारण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. एनव्हीडीए बिघडलेले नसते, कळफलकही उत्तम असतो.

तात्काळ उपाय असा. विंडोजचा स्वतःचा वाचक ‘नॅरेटर’ हा कोणत्याही आयकॉनवर अवलंबून नाही. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज कळ, कंट्रोल व एंटर एकदम दाबल्यास तो बोलू लागतो. त्याच्या आधारे स्टार्ट मेनूतून एनव्हीडीए सुरू करता येते. अथवा विंडोज कळ व आर दाबून उघडणाऱ्या ‘रन’ च्या चौकटीत एनव्हीडीए ही चार अक्षरे इंग्रजीत लिहून एंटर दाबून पाहावे.

कायमचा उपायही कठीण नाही. स्टार्ट मेनूतील एनव्हीडीएच्या नोंदीवरून मूळ आयकॉनचे ठिकाण उघडावे, आयकॉनवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे, आणि ‘शॉर्टकट की’ या रकान्यात जाऊन केवळ एन दाबावे. कंट्रोल व आल्ट या कळा विंडोज स्वतःच जोडून घेते. येथे एक गोष्ट आग्रहाने सुचवावीशी वाटते: शॉर्टकट डेस्कटॉपवरील आयकॉनला न जोडता स्टार्ट मेनूतील आयकॉनला जोडावा. डेस्कटॉप झाडणारे हात स्टार्ट मेनूपर्यंत सहसा जात नाहीत.

एका कळेचे दोन दावेदार

शॉर्टकट जागेवर असूनही आज्ञा सुटत नसेल, तर त्याच कळा दुसऱ्या कोणी घेतल्या असण्याचा संभव असतो. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम ठरावीक कळा सर्व प्रणालीसाठी स्वतःच्या नावे नोंदवू शकतो. प्रथम येणाऱ्यास त्या मिळतात. नंतर येणाऱ्याची नोंदणी फेटाळली जाते, आणि तो प्रोग्राम याची वाच्यता करीलच असे नाही. म्हणून आज चाललेला शॉर्टकट उद्या चालत नाही. कारण उद्या दुसरा प्रोग्राम आधी सुरू झालेला असतो. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल, आल्ट आणि बाणाची कळ दाबली की सबंध पडदाच आडवा होई, आणि तो सरळ कसा करावा या चिंतेत माणसे मान वाकडी करून बसत. असा दावेदार ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात चालू असलेले प्रोग्राम एकेक करून बंद करणे व प्रत्येक वेळी शॉर्टकट दाबून पाहणे. देवनागरी टंकनासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसविले असल्यास ते सर्वप्रथम तपासावे, कारण लिपी बदलण्यासाठी अशी सॉफ्टवेअरे कळा हमखास राखून ठेवतात.

उलट बाजूनेही हा प्रश्न उद्भवतो, आणि लेखा शाखेत तो अधिक जाणवतो. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. विंडोजमधील ‘इंग्रजी (भारत)’ या मांडणीत उजवी आल्ट व ४ दाबून ते उमटते. ज्या मांडणीत उजव्या आल्टला असे विशेष काम दिलेले असते, तेथे विंडोजच्या लेखी ती कळ म्हणजे कंट्रोल व आल्ट एकत्र दाबल्यासारखीच असते. आता कोणी हौसेने गणकयंत्रासाठी कंट्रोल, आल्ट व ४ असा शॉर्टकट ठरविला, तर रुपयाचे चिन्ह लिहू जाता गणकयंत्र उघडते. चिन्ह गेले, फाँट बिघडला, अशी तक्रार येते. फाँट बदलून काहीही साधत नाही. पोलिश भाषेच्या कळफलकावर उजवी आल्ट व एन दाबून एक अक्षर लिहिले जाते, आणि तेथे वर सांगितलेल्या एनव्हीडीएच्या शॉर्टकटशी त्याची हीच टक्कर होते. थोडक्यात, कंट्रोल-आल्टसह अंक वा अक्षर निवडण्यापूर्वी त्या कळा एकदा मजकुरात दाबून काही उमटते काय ते पाहावे.

मांडणी बदलली की

गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा राहिली. त्यामुळे एकाच टेबलावरील एकाच संगणकावर इंग्रजी, कोंकणी व मराठी अशा तीन मांडण्या असणे यात काही नवल नाही. देवनागरीसाठी प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट मांडणी डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने देते. तीत एनच्या कळेवर ल आहे, सीच्या कळेवर म आहे, आणि टीच्या कळेवर दीर्घ ऊकार आहे. मग मराठी निवडलेली असताना कंट्रोल, आल्ट व एन दाबले तर संगणकाला एन दिसेल की ल?

विंडोजमध्ये मराठी मांडणीतही अक्षरांच्या कळांची अंतर्गत ओळख इंग्रजीप्रमाणेच ठेवलेली असते. त्यामुळे तेथे शॉर्टकट सहसा चालू राहतात. लिनक्सवर मात्र हे त्या त्या डेस्कटॉपवर अवलंबून आहे. उबुंटूमध्ये कंट्रोल, आल्ट व टी दाबल्यास टर्मिनल उघडते. पण ज्या प्रोग्रामात कळेवरील चिन्ह जुळवून पाहिले जाते, तेथे मराठी मांडणी चालू असता टीऐवजी ऊकार पोहोचतो आणि जुळणी होत नाही. परीक्षा सोपी आहे. इंग्रजी मांडणी निवडून तोच शॉर्टकट दाबावा. चालला, तर दोष मांडणीचा. अशा ठिकाणी इंग्रजी मांडणी यादीतून काढून न टाकता पहिल्या क्रमांकावर ठेवावी. अनेक डेस्कटॉप शॉर्टकटसाठी तिचा आधार घेतात. भाषा बदलण्यासाठी आल्ट व शिफ्ट या कळा ठरविल्या असतील, तर त्या दोहोंनी सुरू होणारे शॉर्टकट मध्येच तुटतात. भाषेसाठी विंडोज कळ व स्पेस ठेवणे बरे.

लिनक्सच्या एक्स या जुन्या खिडकी-व्यवस्थेत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तेथे नम लॉक व कॅप्स लॉक यांचीही गणना कंट्रोल-आल्टसारख्या साहाय्यक कळांत होते. ज्या प्रोग्रामने हे ध्यानात घेतलेले नाही, त्याचा शॉर्टकट नम लॉकचा दिवा लागलेला असता चालत नाही आणि विझला की चालतो. तेथे ‘एक्सईव्ही’ हा छोटा तपासणीचा प्रोग्राम दाबलेल्या प्रत्येक कळेची नोंद पडद्यावर दाखवितो. कळ दुसऱ्या कोणी अडविली असेल, तर कळेऐवजी खिडकीवरचे लक्ष हटल्याची नोंद दिसते. उबुंटूच्या एप्रिल २०२१ च्या आवृत्तीपासून सर्वसाधारणतः एक्सच्या जागी वेलँड ही व्यवस्था सुरू होते. तिच्यात कोणत्याही प्रोग्रामला परस्पर कळा अडविता येत नाहीत, आणि शॉर्टकट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच नोंदवावे लागतात. जुना शॉर्टकट-प्रोग्राम नव्या आवृत्तीत निकामी झालेला दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आज्ञा सुटते, पण चालत नाही

कळा पोहोचल्या, शॉर्टकटही ओळखला गेला, तरी प्रोग्राम उघडत नाही, असेही घडते. अशा वेळी कळांचा विचार सोडून तीच आज्ञा हाताने चालवून पाहावी. विंडोजमध्ये ‘रन’ च्या चौकटीत लिहिलेले वर्डचे नाव ओळखले जाते, पण तेच नाव कमांड प्रॉम्प्टवर लिहिल्यास सापडत नाही. कारण दोन्ही ठिकाणी प्रोग्राम शोधण्याच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणून शॉर्टकटमध्ये प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहावा. आज्ञा सामाईक नेटवर्क ड्राइव्हवरील फाइल उघडणारी असल्यास तो ड्राइव्ह जोडलेला आहे काय ते पाहावे. सकाळी लवकर येणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो.

लिनक्समधील ग्नोम डेस्कटॉप शॉर्टकटची आज्ञा शेलमधून न नेता थेट चालवितो. टर्मिनलमध्ये नीट चालणारी आज्ञा तेथे पडते, कारण घरच्या फोल्डरसाठी वापरावयाचे लहरी चिन्ह, एका आज्ञेचे फलित दुसरीकडे नेणारी उभी रेघ, यांचा अर्थ लावणारे कोणी नसते. अशी आज्ञा एका लहान स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून शॉर्टकटला त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. ज्या आज्ञेचे उत्तर केवळ अक्षरांत येते, ती चालूनही काही दिसत नाही. तिला टर्मिनलची खिडकी उघडून द्यावी लागते.

दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांनी कळा कोणत्या यंत्राकडे जातात हे जोडणीच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. विंडोज कळ असलेले शॉर्टकट मूळ संकेताप्रमाणे केवळ पूर्ण पडद्याच्या स्थितीतच पलीकडे जातात. कंट्रोल, आल्ट व डिलीट तर कधीच जात नाहीत. तेथे डिलीटऐवजी एंड दाबावी लागते.

संगणक शाखेकडे तक्रार नोंदविताना ‘शॉर्टकट चालत नाही’ एवढेच लिहू नये. कोणत्या कळा दाबल्या, त्या वेळी कोणती भाषा निवडलेली होती, आयकॉनवर क्लिक केल्यास प्रोग्राम उघडतो काय, आणि बिघाडापूर्वीच्या दोन दिवसांत संगणकाला कोणाचा हात लागला होता, एवढे लिहावे. तक्रार दृष्टिहीन कर्मचाऱ्याची असेल, तर त्याचा आवाज सध्या बंद आहे काय, हे पहिल्याच ओळीत नमूद करावे.